मानवी शुक्राणूंतून एन्झाइम काढताना: गोठवणे, सोनिकेशन, ट्रायटन की आम्ल?

प्रश्न थोडक्यात असा. धुतलेल्या मानवी शुक्राणूंचे तीन सारखे भाग केले. एक गोठवून-वितळवून, दुसरा सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी पेशी फोडणारे यंत्र) आणि तिसरा १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालून फोडला. सेंट्रिफ्यूजनंतर वरच्या द्रवात प्रति मिलिग्रॅम प्रथिन मोजले, तेव्हा ॲक्रोसिन (शुक्राणूच्या डोक्यातले, प्रथिने कापणारे एन्झाइम) ट्रायटनमध्ये सर्वाधिक आले, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज (पुढे एलडीएच) गोठवण्यात सर्वाधिक, आणि ग्लायसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज तिन्हींत जवळजवळ शून्य. मग यातली चांगली पद्धत कोणती?

तुमचे आकडे मला चुकीचे वाटत नाहीत. त्यांतून निष्कर्ष काढता येत नाही, कारण इथे दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या आहेत: एन्झाइम पेशीत नेमके कुठे बसले आहे, आणि तुम्ही कशाने भागता आहात. आधी दुसरी गोष्ट घेतो, कारण बहुतेक तुलना तिथेच फसतात.

प्रति मिलिग्रॅम प्रथिन हा शुद्धीकरणाचा मापदंड आहे. फोडण्याच्या पद्धतींची तुलना करायला तो उपयोगी नाही, कारण प्रत्येक पद्धत वेगवेगळ्या प्रमाणात इतर प्रथिनेही विरघळवते. समजा एका नळीत एकूण १०० एकक एलडीएच आहे. गोठवण्याने ६० एकक बाहेर आले आणि सोबत ०.१ मिलिग्रॅम प्रथिन. सोनिकेशनने ९० एकक आले, पण सोबत ०.३ मिलिग्रॅम प्रथिन. प्रति मिलिग्रॅम ६०० विरुद्ध ३००, म्हणजे कागदावर गोठवणे दुप्पट सरस, आणि प्रत्यक्षात ४० टक्के एन्झाइम पेलेटसोबत (तळाशी बसलेल्या गाळासोबत) कचऱ्यात. शिवाय वीर्यद्रवात प्रति मिलिलिटर साधारण ३५ ते ५५ मिलिग्रॅम प्रथिन असते. धुण्यात थोडे जरी मागे राहिले तरी भाजक फुगतो. म्हणून भागायचे ते प्रति दशलक्ष शुक्राणू. आणि प्रत्येक नळीसाठी तीन मापे हवीत: सेंट्रिफ्यूज करण्याआधीचे एकूण मिश्रण, वरचा द्रव, आणि तेवढ्याच आकारमानात पुन्हा मिसळलेला पेलेट. द्रव आणि पेलेट यांची बेरीज एकूणच्या ९० ते ११० टक्क्यांत बसली, तरच त्या पद्धतीबद्दल काही बोलता येते. बेरीज कमी पडली तर एन्झाइम मेले. जास्त भरली तर आधीच्या 'एकूण' मापात सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ) आतपर्यंत पोचत नव्हता, किंवा एखादा निरोधक वेगळा झाला.

आता पेशीची रचना. शुक्राणूत पेशीद्रव अगदी थोडा. डोक्यावर ॲक्रोसोमची पिशवी, तिच्याखाली केंद्रकाभोवतीचे प्रथिनांचे घट्ट वेष्टण, मध्यभागात मायटोकॉन्ड्रियांचा सर्पिल आणि शेपटीत तंतुमय आवरण. केंद्रकातले डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनांनी बांधलेले आणि डायसल्फाइड बंधांनी जखडलेले असते, त्यामुळे ते एकट्या डिटर्जंटला किंवा सोनिकेशनलाही सहजी दाद देत नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळा १९८५ पासून याच गुणधर्मावर शुक्राणूंचे डीएनए इतर पेशींपासून वेगळे काढतात. तुमच्यासाठी याचा एक फुकटचा उपयोग आहे: डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) न घालता फोडलेले मिश्रण तारा धरण्याइतके चिकट झाले, तर ते डीएनए शुक्राणूंचे नाही. नमुन्यात पांढऱ्या पेशी किंवा अपक्व पेशी आहेत.

ही गोष्ट गौण समजू नका. पांढऱ्या पेशीत पेशीद्रव भरपूर असतो. थोड्याशा पेशींनीही ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, एलडीएच आणि इलास्टेज यांचे आकडे बदलतात. म्हणून वीर्य ३७ °से तापमानाला पातळ झाल्यावर ४० आणि ८० टक्क्यांच्या दोन थरांच्या घनता-स्तंभातून ३०० ते ४०० जी वर १५ ते ३० मिनिटे फिरवा आणि फक्त तळाचा पेलेट घ्या. त्यात गोल पेशी दिसत असतील तर सीडी४५ प्रतिपिंडाचे चुंबकीय मणी वापरा. आरएनएच्या कामात शारीरपेशी (शुक्राणू सोडून इतर पेशी) फोडायला ०.१ टक्का एसडीएस आणि ०.५ टक्का ट्रायटनचे द्रावण वापरतात, ते इथे चालणार नाही. तुम्हाला हवी असलेली एन्झाइम तिथेच वाहून जातील. धुण्याच्या माध्यमात अल्ब्युमिन नको, आणि धुणे दोनदा.

नमुना ताजा की गोठवलेला, यावर बरेच अवलंबून आहे. संरक्षकाशिवाय गोठलेल्या शुक्राणूचे पटल फाटते आणि पेशीद्रवातली एन्झाइम बाहेर येतात. असा नमुना वितळवून धुतला की एलडीएच आणि क्रिएटिन कायनेज धुण्याच्या पाण्यात जातात. साठवायचेच असेल तर आधी धुवा, मोजा, नळ्यांत वाटा, वरचा द्रव पूर्ण काढून कोरडा पेलेट गोठवा, आणि नंतर न धुता त्याच नळीत बफर घाला. अशा नळ्यांसाठी 'गोठवणे' ही वेगळी पद्धत उरत नाही, हे तुलना लिहिताना ध्यानात ठेवा. ताज्या नमुन्यातही इओसिन-निग्रोसिन रंगाने जिवंत-मृत प्रमाण पाहून घ्या. मेलेले शुक्राणू मोजणीत येतात, पण त्यांतले एलडीएच आधीच गेलेले असते.

गोठवणे-वितळवणे हे पेशीद्रवातल्या एन्झाइमसाठी सौम्य आणि पुरेसे आहे. २०० मायक्रोलिटरपेक्षा जास्त आकारमान नको. द्रव नायट्रोजनमध्ये १ ते २ मिनिटे, मग ३० ते ३७ °से च्या पाण्यात बर्फाचा शेवटचा कण जाईपर्यंतच, आणि लगेच बर्फावर. तीन चक्रे बस्स. पाचव्या चक्राने उत्पन्न फारसे वाढत नाही आणि क्रिएटिन कायनेजसारखे नाजूक एन्झाइम गळते. बफर सोडियम फॉस्फेटचा घेऊ नका. थंड होताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिकरूपात बाहेर पडते आणि उरलेल्या द्रवाचा पीएच बराच खाली घसरतो. पोटॅशियम फॉस्फेट, हेपेस किंवा ट्रिस घ्या. ट्रिस घेतलात तर पीएच कामाच्या तापमानाला लावा. २५ °से ला ८.० लावलेला ट्रिस ४ °से ला ८.६ च्या आसपास जातो, आणि प्रोॲक्रोसिन (ॲक्रोसिनचे निद्रिस्त रूप) जागे व्हायला एवढे पुरते. नळीचे झाकण नायट्रोजनमध्ये बुडू देऊ नका. आत शिरलेला द्रव वितळताना झाकण उडवतो.

या पद्धतीने पडदे फाटतात, विरघळत नाहीत. फाटलेले तुकडे पुन्हा मिटून पुटिका होतात आणि काही एन्झाइम त्यांत अडकून पेलेटमध्ये जाते. तो पेलेट डिटर्जंटशिवाय मोजला तर आतले एन्झाइम दिसत नाही आणि 'सगळे बाहेर आले' असा भास होतो. म्हणून मोजमापाच्या कपातला (क्युव्हेटमधला) द्रव सगळ्याच नमुन्यांसाठी सारखा ठेवा आणि त्यात ०.१ टक्का ट्रायटन असू द्या, मग फोडण्याची पद्धत कुठलीही असो.

सोनिकेशन मध्यभाग आणि शेपटी मोडते, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियातले एन्झाइमही हाती लागते. मानवी शुक्राणूंतले एलडीएच-सी काही प्रमाणात मायटोकॉन्ड्रियातही असते, म्हणून एकूण एलडीएच हवे असेल तर फक्त बाहेरचे पटल उघडून भागत नाही. ३ मिलिमीटरचे टोक, २०० ते ५०० मायक्रोलिटर, नळी बर्फ-पाण्याच्या लगद्यात, ५ सेकंद चालू आणि ३० सेकंद बंद असे पाच वेळा. टोक द्रवात अर्धा सेंटिमीटर बुडलेले असावे, भिंतीला टेकलेले नसावे. फेस आला की थांबा, कारण हवा-द्रव सीमेवर प्रथिने उलगडतात आणि फेसाळलेल्या नळीचे आकडे कधीच पुन्हा जुळत नाहीत. याच कारणाने ट्रायटन घालून सोनिकेट करणे मला पटत नाही. घालायचाच असेल तर नंतर घाला. दर दोन झटक्यांनंतर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: शेपट्या डोक्यांपासून तुटल्या आणि मध्यभाग दिसेनासा झाला की पुरे. डोकी शाबूत राहणारच, त्यांच्यामागे लागू नका. मानवी नमुना संसर्गजन्य धरूनच काम करायचे असते आणि सोनिकेटर सूक्ष्म तुषार उडवतो, तेव्हा हे जैवसुरक्षा कपाटात, किंवा शक्य असेल तर बंद नळीवर चालणाऱ्या कप-हॉर्नमध्ये.

इथे एलडीएचचा एक सापळा आहे. सोनिकेशनने मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याचे तुकडे उलटे होतात आणि त्यांवरचा पहिला श्वसन-संकुल थेट एनएडीएच (एलडीएचच्या चाचणीत ज्याची घट मोजतात तो रेणू) खाऊ लागतो. ३४० नॅनोमीटरला शोषण घटते आणि ते सगळे एलडीएचच्या खात्यावर जमा होते. पायरुव्हेट (एलडीएचचा सब्स्ट्रेट) न घातलेला ब्लँक प्रत्येक नमुन्याचा वेगळा ठेवा, किंवा कपात त्या संकुलाला अडवणारे २ मायक्रोमोलर रोटेनोन घाला.

डिटर्जंटमध्ये ट्रायटन एक्स-१०० सगळ्यांच्या हाताशी असतो आणि बऱ्याच कामांना ०.१ टक्का पुरतो. एक टक्क्याने नुकसान फारसे नाही, पण पुढची डोकेदुखी वाढते. त्याचे मायसेल (रेणूंचे पुंजके) सुमारे ९० किलोडाल्टनचे असतात, म्हणजे डायलिसिसच्या पिशवीतून जात नाहीत. २८० नॅनोमीटरला तो स्वतःच शोषतो आणि ब्रॅडफर्डची प्रथिन-चाचणी बिघडवतो. बीसीए ही दुसरी प्रथिन-चाचणी ट्रायटन सहन करते, पण डीटीटी नाही. डिटर्जंट नंतर काढून टाकायचा असेल तर ऑक्टिल ग्लुकोसाइड घ्या. त्याची मायसेल होण्याची पातळी २० मिलिमोलरच्या वर आहे, त्यामुळे तो डायलिसिसने निघतो. हायलुरोनिडेजसाठी मी तोच सुचवेन, आणखी एका कारणाने. शुक्राणूतले हायलुरोनिडेज, म्हणजे पीएच-२० नावाचे प्रथिन (आम्लतेचा पीएच नव्हे), जीपीआय या मेदयुक्त नांगराने पटलाला बांधलेले आहे, आणि अशी प्रथिने ४ °से च्या ट्रायटनमध्ये नीट विरघळत नाहीत. ६० मिलिमोलर ऑक्टिल ग्लुकोसाइडमध्ये विरघळतात. फक्त पेशीपटल उघडून आतले कप्पे शक्य तेवढे शाबूत ठेवायचे असतील तर ०.०१ ते ०.०२ टक्के डिजिटोनिन घेऊन पाहा, पण त्याची मात्रा दर बॅचला नव्याने ठरवावी लागते. एसडीएस आणि युरिया प्रथिनांची यादी करायला उत्तम. क्रियाशीलता मोजायची असेल तर ते बाजूला ठेवा.

नायट्रोजन बॉम्बने (दाबाखालचा नायट्रोजन एकदम सोडून पेशी फोडणारे भांडे) पटले सुरेख सोलून निघतात, पण त्याला लागणारे आकारमान आणि शुक्राणूंची संख्या एका मानवी नमुन्यातून क्वचितच मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संदर्भानुसार एका वीर्यस्खलनातील एकूण संख्येची खालची मर्यादा ३९ दशलक्ष आहे, आणि स्तंभातून त्यातलाही एक भागच खाली येतो. हाताचा डाउन्स होमोजिनायझर शुक्राणूंवर जवळपास निरुपयोगी आहे.

आता ॲक्रोसिन. ट्रायटनमध्ये ते सर्वाधिक आले याचे कारण सरळ आहे, पण त्या आकड्याचा अर्थ तुम्ही समजता तो असेलच असे नाही. ताज्या शुक्राणूत बहुतेक एन्झाइम प्रोॲक्रोसिन या निद्रिस्त रूपात असते. तटस्थ ते अल्कधर्मी पीएचला ॲक्रोसोम उघडला की ते स्वतःच स्वतःला कापून जागे होते आणि पुढे स्वतःलाच पचवू लागते. त्यात ते अल्कधर्मी प्रथिन, म्हणून कमी क्षाराच्या बफरमध्ये ॲक्रोसोमच्या गाभ्याला चिकटून पेलेटमध्येच राहते. तुमच्या गोठवलेल्या आणि सोनिकेट केलेल्या नळ्यांत ते कमी दिसले, त्यामागे हे चिकटणे आणि बर्फावरचे आत्मपचन ही दोन्ही कारणे संभवतात. कोणते किती, ते पेलेट मोजल्यावर कळेल.

इथून पुढे काय हवे त्यावर वाट ठरते. दर शुक्राणूमागे एकूण क्षमता एवढेच हवे असेल तर एन्झाइम 'काढायची' गरजच नाही. २ ते १० दशलक्ष शुक्राणू पीएच ८.० च्या हेपेस बफरमध्ये, ०.०१ टक्का ट्रायटन आणि बीएपीएनए (कापल्यावर पिवळे पॅरानायट्रोॲनिलिन सोडणारा) सब्स्ट्रेटसोबत, खोलीच्या तापमानाला ३ तास ठेवा. बेंझामिडिन (ॲक्रोसिनचा निरोधक) घालून थांबवा, फिरवा आणि वरच्या द्रवाचे शोषण ४१० नॅनोमीटरला वाचा. ब्लँकमध्ये बेंझामिडिन शून्य मिनिटालाच घालायचे. न फिरवता वाचले तर शुक्राणूंनी विखुरलेला प्रकाश शोषण म्हणून मोजला जातो. हिशेब असा: ५ दशलक्ष शुक्राणू, १ मिलिलिटर, १८० मिनिटांत शोषणातला फरक ०.४४. पॅरानायट्रोॲनिलिनचा मोलर शोषण-गुणांक ८८०० धरला तर ५० नॅनोमोल तयार झाले, मिनिटाला ०.२८ नॅनोमोल, म्हणजे दर दशलक्ष शुक्राणूंमागे सुमारे ५६ मायक्रोएकक. सुरुवातीची काही मिनिटे आलेख सपाट असेल. ती चूक नव्हे, प्रोॲक्रोसिन जागे होत असते.

निद्रिस्त रूप आणि जागे रूप वेगळे मोजायचे असेल, किंवा पुढे शुद्ध करायचे असेल, तर आम्ल-अर्काला पर्याय नाही. पेलेट ३ च्या आसपासच्या पीएचला, १० टक्के ग्लिसरॉल आणि ५० मिलिमोलर बेंझामिडिन असलेल्या द्रावणात ४ °से ला काही तास ते रात्रभर. आम्लात दोन कामे होतात: प्रोॲक्रोसिन झोपलेले राहते, आणि वीर्यद्रवातून आलेला निरोधक एन्झाइमपासून सुटतो. इथे नेहमी होणारा घोटाळा असा की १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लाला बफर-शक्ती नसते. पेलेटमध्ये राहिलेल्या ५० मायक्रोलिटर धुण्याच्या माध्यमानेही पीएच पाचाच्या वर जाऊ शकतो. २ टक्के ॲसेटिक आम्ल किंवा ५० मिलिमोलर ग्लायसिन-आम्ल बफर घ्या, आणि पेलेट मिसळल्यानंतर पीएच पट्टीवर बघा, आधी नव्हे. नंतर अर्क १ मिलिमोलर आम्ल आणि ग्लिसरॉलविरुद्ध डायलाइझ करायचा. इथे बफर-शक्ती नसणेच सोयीचे, कारण पुढे पीएच ८ ला आणताना त्रास होत नाही. बेंझामिडिन मायक्रोमोलर पातळीवरही अडवते, म्हणून ५०० पट आकारमानात एक डायलिसिस पुरत नाही: ५० मिलिमोलरचे १०० मायक्रोमोलर होते. दुसऱ्यांदा केल्यावर ०.२ मायक्रोमोलर. मगच काही भाग पीएच ८ ला आणून लगेच वाचा, आणि उरलेला ठरावीक वेळाने वाचत राहा. पहिले माप जाग्या ॲक्रोसिनचे, सर्वोच्च माप एकूणचे, फरक प्रोॲक्रोसिनचा. सर्वोच्च बिंदूनंतर आकडा उतरतो, म्हणून एकाच वेळेचे माप घेऊन भागत नाही.

साहजिकच, ज्या नळीत ॲक्रोसिन मोजायचे तिथे तयार प्रोटिएज-निरोधक मिश्रण चालत नाही. त्यातले ल्युपेप्टिन आणि एईबीएसएफ नेमके त्यालाच मारतात. उलट एलडीएच, क्रिएटिन कायनेज किंवा सुपरऑक्साइड डिसम्युटेज मोजताना ॲक्रोसिनला आवर घालणे आवश्यक आहे, नाहीतर वरचा द्रव तासागणिक कमजोर होतो. पीएमएसएफ हा निरोधक वापरत असाल तर तो पाण्यात टिकत नाही हे धरून चाला: पीएच ८ आणि २५ °से ला त्याचे अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या जरा वर. बेंझामिडिन १० मिलिमोलर अधिक सोपे. डीटीटीबाबतही एकच नियम नाही. क्रिएटिन कायनेज आणि ग्लायसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज यांना तो हवा, ॲक्रोसिनला नको, कारण त्याच्या साखळ्या डायसल्फाइडनेच जोडलेल्या आहेत. त्यामुळे 'सर्व एन्झाइमांसाठी एकच अर्क' ही कल्पना सोडून द्या आणि निदान दोन नळ्या वेगळ्या करा.

राहिला तो शून्याचा प्रश्न. शुक्राणूतले ग्लायसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे वेगळ्या जनुकाचे रूप आहे. त्याच्या सुरुवातीला प्रोलीनने भरलेला जास्तीचा तुकडा असतो आणि त्याने ते शेपटीच्या तंतुमय आवरणाला जखडलेले असते. ट्रायटन, सोनिकेशन, गोठवणे यांपैकी काहीही ते सोडवत नाही. ते तुमच्या पेलेटमध्ये आहे. ट्रिप्सिनने मर्यादित काप देऊन ते विरघळवता येते, पण तेव्हा मिळते ते तो तुकडा गमावलेले एन्झाइम. क्रियाशीलता हवी असेल तर ट्रायटनने पारगम्य केलेल्या शुक्राणूंच्या मिश्रणातच, ताज्या डीटीटीसोबत मोजा. दर वाचनाआधी मिश्रण हलवा, कारण शुक्राणू खाली बसताना शोषणाचा उतार बदलतो. मध्यभागाच्या मायटोकॉन्ड्रिया-कवचात गुंफलेल्या जीपीएक्स४ या एन्झाइमचेही तसेच. भरपूर डीटीटीशिवाय ते हलत नाही, आणि तेवढ्या डीटीटीत केंद्रकही सुटू लागून मिश्रण चिकट होऊ शकते.

पुन्हा करून पाहायचे असेल तर एकाच दिवशी, एकाच धुतलेल्या मिश्रणातून, दर नळीत २० दशलक्ष शुक्राणू आणि २०० मायक्रोलिटर बफर अशा पाच नळ्या लावा: गोठवणे, सोनिकेशन, ०.१ टक्का ट्रायटन, गोठवून मग ट्रायटन, आणि आम्ल. पहिल्या चार नळ्यांत फोडल्याबरोबर १० मायक्रोलिटर एकूण माप म्हणून काढून ठेवा. आम्लाच्या नळीचे एकूण म्हणून त्याच मिश्रणातल्या शुक्राणूंचे थेट बीएपीएनए माप वापरा. मग ४ °से ला १०,००० जी वर १५ मिनिटे. प्रत्येकाच्या द्रवात आणि पेलेटमध्ये ॲक्रोसिन मोजा, आणि आम्लाची नळी सोडून बाकी चारांत एलडीएच व सिट्रेट सिंथेजही. सिट्रेट सिंथेज मायटोकॉन्ड्रियाच्या आतले असल्याने ते कुठल्या नळीत बाहेर आले यावरून फोडणे किती खोल गेले ते समजते. पहिल्या चार नळ्यांतले ॲक्रोसिनचे माप पहिल्या तासात घ्या आणि एलडीएचसाठीचा भाग लगेच बेंझामिडिनमध्ये टाका. माझा अंदाज असा की एलडीएच आणि क्रिएटिन कायनेजसाठी चौथी नळी जिंकेल आणि सोनिकेटर बाहेर काढायची गरज फक्त मायटोकॉन्ड्रियाच्या एन्झाइमपुरती उरेल. पण तुमच्या नमुन्यांत मृत शुक्राणू जास्त असतील तर पहिल्या आणि चौथ्या नळीतला फरक जवळजवळ मिटेल, तेव्हा जिवंत-मृत प्रमाण त्याच तक्त्यात लिहून ठेवा.